वखारीच्या दारावरची फुली

वादळानंतर चौथ्या दिवशी मी वखारवाल्याच्या दारावर लाल फुली मारली आणि आत सुतळीचा तोडासुद्धा दिला नाही. दोन्ही रेघा इतक्या सरळ आल्या की मी थोडा वेळ त्यांच्याकडे पाहतच राहिले.

फुली म्हणजे काय ते आधी सांगते. आमची संस्था लहान. नर्सबाईंनी काढली, म्हणून लोक तिला नर्सबाईंची संस्थाच म्हणतात. पूर आला, वादळ आलं, आग लागली की आम्ही दोघादोघांच्या जोड्या करून घरोघरी फिरतो. घर पाहून झालं की दारावर तेलखडूने एक आडवी रेघ ओढायची. आत कोणी अंथरुणाला खिळलेलं असेल तर रेघेवर गोल काढायचा, म्हणजे सामान घेऊन येणाऱ्याने सगळी घरं सोडून आधी तिथे जायचं. सामान पोचलं की फुली. फुली असलेल्या दारापाशी दुसरी जोडी थांबत नाही. एकमेकांच्या फुलीवर असा विश्वास ठेवला नसता तर चार दिवसांत सहाशे घरं झाली नसती. लाकूडवाले ओंडक्यांवर खुणा करतात तोच हा तेलखडू. पावसाने जात नाही, घासून निघत नाही.

वखारीच्या दारावर रेघ होती, रेघेवर गोल होता. आदल्या जोडीने वहीत लिहिलं होतं: वरचा मजला, छप्पर गेलेलं, म्हातारा, उठता येत नाही. माझ्या खांद्यावर ताडपत्री होती, काखेत दोन ब्लँकेटं, हातात पाण्याचा कॅन. माझ्याबरोबरचा ड्रायव्हर टेम्पोपाशी थांबला होता, कारण गल्लीच्या तोंडाशी विजेचा खांब आडवा पडला होता. दार ढकलून मी जिन्याच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवला आणि वरून आवाज आला, "कोण आहे?"

आवाज म्हातारा झाला होता, पण तोच होता. मी पाय मागे घेतला, दार ओढून घेतलं आणि त्या गोलावर फुली मारली.

बावीस वर्षांपूर्वी नदी एका सकाळीत आमच्या खालच्या गल्लीत शिरली. घरात मी आणि माझी धाकटी बहीण, दोघीच. आईबाप लवकर गेले, तिला मीच वाढवलं. तिच्या अंगात दोन दिवसांचा ताप होता. तिला पाठुंगळी मारून मी कमरेएवढ्या पाण्यातून चढावर आले. चढावर दुमजली इमारत एकच, ही लाकडाची वखार. दार अर्धं उघडं होतं आणि वखारवाला चौकटीला हात आडवा लावून दारात उभा होता.

"कोणाच्या तुम्ही?" त्याने विचारलं.

"खालच्या गल्लीतल्या."

"ते दिसतंय. कोणाच्या?"

म्हणजे कोणाच्या घरच्या, कोणाच्या ओळखीच्या, उद्या कोणाला सांगता येईल की तुमच्या माणसांना मी वर घेतलं. मी लोकांच्या घरी धुणीभांडी करत होते. आम्ही कोणाच्याच नव्हतो. मी म्हटलं, "ही माझी आणि मी हिची."

"वर जागा नाही," तो म्हणाला आणि त्याने दार लावलं. दार लागता लागता मला त्याच्या खांद्यावरून जिना दिसला आणि जिन्याच्या वर फळ्यांच्या थप्प्या. कोरड्या, नीट रचलेल्या, दोन थप्प्यांमध्ये एक माणूस आडवा होईल एवढी फट सोडून. फळ्यांना वारा लागावा म्हणून. फळ्यांना जागा होती.

आम्ही संध्याकाळपर्यंत त्याच्या पायरीवर होतो. पाणी तिसऱ्या पायरीपर्यंत आलं, तेव्हा मी तिला मांडीवरून खांद्यावर घेतलं. आतून अडसर लावल्याचा आवाज मी ऐकला होता, तो काढल्याचा ऐकला नाही. तिसऱ्या दिवशी सरकारी दवाखान्यात ती गेली. छातीत पाणी झालं होतं. तिथल्या नर्सबाईंनी तिचे डोळे मिटले, चादर वर ओढली आणि मला म्हणाल्या, "रडून झालं की माझ्याकडे ये. काम आहे."

मी गेले. संस्था तेव्हापासूनची. बंद पडलेल्या एका बेकरीत आमचं ऑफिस आहे. पावाच्या लाकडी ट्रेमध्ये औषधं असतात आणि जुनी भट्टी पेटवून आम्ही ओली ब्लँकेटं वाळवतो. तिथेच बसून आम्ही दोघींनी नियम ठरवले. बाई म्हणाल्या, "पहिला तू सांग." मी म्हटलं, दारात कोणालाही 'कोणाचे' म्हणून विचारायचं नाही. किती माणसं, कोण आजारी, काय हवं. एवढे तीन प्रश्न, चौथा नाही. बाईंनी ते भिंतीवर रंगाने लिहिलं. पुढे माझी चाळिशी उलटल्यावर त्यांनीच मला औषधांच्या लेबलांवरून अक्षरं शिकवली, आणि मी सलग वाचलेलं पहिलं वाक्य माझंच निघालं.

दुसरा नियम, ज्याला आपल्याकडे येता येत नाही त्याच्याकडे आपण आधी जायचं. आणखी एक आहे, तो ड्रायव्हरला फार जाचतो: देणाऱ्याने काही घ्यायचं नाही. चहा नाही, फोटो नाही, आशीर्वाद नाही, कोणी पाया पडायला लागलं तर तेही नाही. घेतलं की देवघेव झाली, आणि मग ज्याच्याकडे द्यायला काही नाही तो मान खाली घालतो, असं बाईंचं म्हणणं. ड्रायव्हर म्हणतो, "मावशी, मी त्यांच्याकडे हुंडा मागतोय का? अर्धा कप चहा." तरी पीत नाही. गाडीत थर्मास ठेवतो आणि स्वतःचाच चहा स्वतःला आग्रह करून पाजतो.

त्या दिवशी मी सामान परत नेऊन टेम्पोत टाकलं, तेव्हा तो थर्मासचं झाकण लावत होता.

"परत का आणलं?"

"लागत नाही त्याला."

"छप्पर गेलंय ना तिथलं?"

"फळ्या आहेत त्याच्याकडे. रग्गड."

त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं. "फुली मारलीत?"

"मारली."

"मग झालं," तो म्हणाला आणि गाडी सुरू केली. बावीस वर्षांत त्याने माझ्या फुलीवर प्रश्न काढला नव्हता. तेवढं मात्र मला थोडं टोचलं. थोडंच.

नर्सबाई आता ऐंशीच्या पुढे गेल्या आहेत. दिसायला कमी झालंय, म्हणून वही वाचत नाहीत. दिवस मावळायच्या आत सगळ्या जोड्या बेकरीत परत येतात आणि बाई प्रत्येकीला एकच विचारतात, "गोल किती राहिले?" बाकीची घरं एक दिवस थांबू शकतात, गोल थांबू शकत नाहीत.

मला विचारलं तेव्हा मी म्हटलं, "एकही नाही."

"शाबास," बाई म्हणाल्या.

पाचव्या दिवशी पावसाची भुरभुर सुरू झाली आणि सहाव्या दिवशीही थांबली नाही. मी भट्टीपाशी ब्लँकेटं उलटी करत होते. बेकरीच्या पत्र्यावर आवाज येत होता आणि मनाला गारवा वाटत होता. खोटं कशाला लिहू? इतकी वर्षं मी पावसाचा आवाज आला की उठून बसायची. ते दोन दिवस मी तो ऐकत आरामात काम केलं. पाणी कुठे पडतंय, कोणत्या थप्पीवरून ओघळतंय, कोणाच्या अंथरुणाखाली साचतंय, सगळं मला बसल्या जागी दिसत होतं. भिजू दे. पायरीवर बसल्यावर कसं वाटतं ते वरच्या मजल्यावर कळू दे.

पण सातव्या दिवशी सकाळी सगळी मजा उतरली. ब्लँकेटाची घडी घालता घालता माझ्या डोक्यात आलं की त्याला हे माहीतच नाही. तो आपला समजत असणार की संस्थेचे लोक विसरले, वादळच मोठं होतं, नशीब खोटं. भिजतोय, पण कोणामुळे ते ठाऊक नाही. मग मी केलं काय? नुसतंच एक म्हातारं माणूस भिजवलं. सूड घ्यायचा तर ज्याच्यावर घ्यायचा त्याला तो पोचायला हवा.

मी छत्री घेतली आणि निघाले. सामान काही घेतलं नाही. द्यायला जातच नव्हते.

फुली तशीच होती, ओल्या लाकडावर जास्तच लाल. मी दार ढकललं, तर जिन्यात एक बाई बसलेली. तिशीची असेल. अंगावर रिकामं पोतं पांघरलेलं, पायाशी पावसाच्या पाण्याची बादली. ती माझ्या गळ्यातल्या संस्थेच्या ओळखपत्राकडे पाहत होती.

"आलात?" ती म्हणाली. "आता काय, फुलीवर अजून एक फुली?"

"तू कोण?" मी विचारलं. नियमात न बसणारा प्रश्न, पण तोंडातून गेला.

"याला सांभाळते. सकाळी यायचं, संध्याकाळी जायचं. वादळ आलं तेव्हा आत होते, म्हणून आतच राहिले. याला टाकून जाऊ कुठे, आणि उचलून नेऊ कशी?" तिला खोकला आला. तो बराच वेळ थांबेना. "काल तुमचे दोघं खालून गेले. मी खिडकीतून हाक मारली. म्हणाले, ताई, तुम्हाला मिळालंय. म्हटलं, काय मिळालंय ते वर येऊन दाखवा. तर म्हणाले, दारावर मावशींच्या हातची फुली आहे, त्यांची चुकत नाही. बाकीच्या घरांना पोचायचंय. आणि गेले."

मी छत्री मिटून भिंतीला टेकवली.

"त्या मावशी भेटल्या तर सांगा—"

"मीच ती."

तिने मला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं. "मग काय झालं होतं? डोळे गेले होते, की हात मोडला होता?"

"दोन्ही शाबूत आहेत."

"म्हणजे मुद्दाम."

"तू घरात आहेस हे मला माहीत नव्हतं."

"तुमचे लोक पाहणीला आले तेव्हा मी पाणी आणायला गेले असेन. असते तर काय, फुली छोटी काढली असती?"

मी पुढे होऊन तिच्या कपाळाला हात लावला. तिने मान मागे घेतली, पण तोवर हाताला कळलं होतं. तो ताप माझ्या हाताच्या ओळखीचा होता. त्याच वखारीच्या, त्याच दारापाशी. फक्त या वेळी दार मी लावलं होतं.

"इथून हलू नकोस," मी म्हटलं आणि ड्रायव्हरला फोन केला. टेम्पो घेऊन ये, आधी हिला दवाखान्यात न्यायचंय, ताडपत्री, ब्लँकेटं, कॅन, सगळं आण. मग जिना चढले. यायला त्याला वीस मिनिटं लागणार होती आणि माझं काम अजून व्हायचं होतं.

धंदा कधीच बंद पडला होता, पण न विकलेल्या फळ्या वर तशाच होत्या. वखारवाला दोन थप्प्यांमधल्या फटीत आडवा होता. वरून सांभाळणारीने चार फळ्या आडव्या टाकल्या होत्या, त्यांच्या सांध्यांतून पाणी ठिबकत होतं. माणूस आडवा होईल एवढी ती फट. मी तिचं माप बरोबर घेतलं होतं.

"संस्थेच्या का तुम्ही?" तो म्हणाला. गालफडं बसलेली, पण डोळे स्वच्छ होते. "बसा. माझी तक्रार नाही. मीही हे काम केलंय हो. त्या मोठ्या पुरात सत्तर माणसं वर घेतली होती मी. कोणालाही विचारा."

"सत्तर?"

"सत्तर."

"त्यात दोघी बहिणी होत्या का? एकीच्या पाठीवर दुसरी?"

पाण्याचे थेंब पडत राहिले. त्याने मान वळवून मला नीट पाहिलं आणि त्याला ओळख पटली. मला वाटलं होतं तो म्हणेल, आठवत नाही. पण आठवत होतं. सत्तरांमधला एकही चेहरा आठवत नसेल, आमचा आठवत होता.

"मी नंतर दार उघडून पाहिलं होतं," तो म्हणाला. "तुम्ही गेलेल्या होतात."

"आम्ही संध्याकाळपर्यंत पायरीवर होतो."

त्याने नजर फळ्यांकडे वळवली.

"ती तिसऱ्या दिवशी गेली. आणि ही खालची फुली मी मारली. चुकून नाही. कोण आहे म्हणून तुम्ही विचारलंत, तेव्हा तुमचा आवाज ओळखून मारली."

झालं. पोचलं. मला वाटलं होतं की आता छातीतली गाठ सुटेल. त्याऐवजी मी पाहिलं की त्याच्या तोंडावर काहीतरी मोकळं होत चाललंय. कोणीतरी येण्याची वाट पाहत असावा तसा तो कोपरावर उठायला लागला. "बाई, बरं झालं तुम्ही आलात," तो म्हणाला. "इतकी वर्षं मला बोलायचं होतं. मी त्या दिवशी—"

मी उठले आणि खाली आले. त्याला हलकं करायला मी जिना चढले नव्हते.

चुकीच्या फुलीचाही आमचा एक रिवाज आहे. पुसायची नाही, निघतही नाही. तिच्याभोवती चौकोन काढायचा आणि खाली आपल्या नावाचं अक्षर लिहायचं, म्हणजे पुढच्या जोडीला कळतं की इथे परत जायचंय आणि कोणामुळे. माझ्या हातून आजवर चौकोन काढला गेला नव्हता. मी तो काढला, चारही बाजू पूर्ण केल्या आणि खाली माझं अक्षर लिहिलं. ज्या दाराने मला कोणाची म्हणून विचारलं, त्याच दारावर.

ड्रायव्हर आला. त्याने चौकोन पाहिला, अक्षर पाहिलं. "तुमचा?"

"माझा."

त्या दिवशी पहिल्यांदा त्याला विनोद सुचला नाही. सांभाळणारीला त्याने पुढच्या सीटवर बसवलं, थर्मासमधला चहा पाजला, दवाखान्यात पोचवून परत आला. मग आम्ही दोघांनी मिळून वर ताडपत्री ताणली, ओलं अंथरूण काढलं, म्हाताऱ्याला कोरडं केलं. त्याचं अंग हाडांच्या मोळीसारखं लागत होतं. दोरी बांधताना त्याने माझा पदर धरला.

"बाई, एकदा ऐका. मला माफी—"

"आमच्याकडे देणाऱ्याने काही घ्यायचं नाही," मी पदर सोडवून घेतला. "चहा नाही, आशीर्वाद नाही, माफीचे शब्दही नाहीत."

"मी देत कुठे आहे? मागतोय."

"मागायचं ते विचारल्यावर. किती माणसं? एक. कोण आजारी? तुम्हीच. काय हवं? ब्लँकेट की पाणी?"

ड्रायव्हर दोरीची गाठ उगाचच पुन्हा बांधत होता.

"पाणी," म्हातारा शेवटी म्हणाला.

त्या दिवशी बेकरीत बाईंनी विचारायच्या आधीच मी सांगितलं, "गोल एक राहिला होता, बाई. मी खोटं बोलले." मग सगळं सांगितलं. बाईंनी मध्ये तोंड घातलं नाही.

"तेलखडू ठेव," त्या म्हणाल्या.

मी खिशातून काढून ट्रेमध्ये ठेवला.

"त्या मुलीच्या छातीत पाणी व्हायला सुरुवात झालीय. अजून एक दिवस गेला असता तर..." बाईंना पुढचं बोलायची गरज नव्हती. ते दोघींना पाठ होतं.

सांभाळणारीला मात्र मी दवाखान्यात जाऊन 'माझं चुकलं' म्हणून सांगितलं. ती खाटेवर बसून पेज पीत होती. म्हणाली, "बसा, स्टूल ओढा. आणि पुढच्या वेळी सूड उगवायचा असेल तर आधी घरात किती माणसं ते विचारा. तुमचाच प्रश्न आहे ना तो?" मला हसू आलं नाही. स्वतःच्या बोलण्याचं तिलाही हसू आलं नसावं. ती पेज पीत राहिली.

ती बरी होईपर्यंत वखारीत कोण जाणार, असा प्रश्न निघाला. मी म्हटलं, मी जाते.

"का?" बाईंनी विचारलं.

"ज्याला येता येत नाही त्याच्याकडे आपण आधी जायचं."

रोज सकाळी जाते. त्याला कुशीवर वळवते, पाठ पुसते, कपडे बदलते, भात भरवते. पाठीवर एकही जखम होऊ दिलेली नाही. दवाखान्यातल्या डॉक्टरने येऊन पाहिलं आणि म्हणाला, इतकी चांगली काळजी पोटची पोरंही घेत नाहीत. म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तो बोलायला लागला, "डॉक्टर, हिला मी—" मी लगेच त्याच्या तोंडाला पेला लावला.

परवा बाई म्हणाल्या, "ड्रायव्हरने सांगितलं मला. तू त्याला बोलू देत नाहीस. नियम आपण यासाठी केले नव्हते."

"पहिला मी सांगितला होता, बाई. कशासाठी ते मला माहीत आहे."

बाईंनी चष्मा काढून पुसला. तेलखडू अजून त्यांनी परत दिलेला नाही.

आज सकाळी मी जिन्याच्या वर पोचायच्या आतच त्याने सुरू केलं. पावलांवरून ओळखतो आता. "त्या दिवशी मी दाराच्या आतच उभा होतो," तो म्हणाला. "तुम्ही बाहेर होतात ते मला ऐकू येत होतं."

मी कॅन खाली ठेवला, ताडपत्रीची सैल झालेली दोरी ओढून बांधली आणि त्याच्या उशाशी बसले.

"किती माणसं?" मी विचारलं.

त्याने डोळे मिटले. "एक."

"कोण आजारी?"

"मी."

"काय हवं?"

त्याने कॅनकडे नाही, माझ्याकडे पाहिलं. त्याला काय हवं होतं ते मला माहीत होतं, आणि ते माझ्याजवळ होतंही. मी पाण्याचा पेला काठोकाठ भरला, एका हाताने त्याची मान उचलली आणि एक थेंब न सांडता तो त्याच्या ओठांना लावला.